बर्फाचा नंबर आणि माझा माउस

रेवदंड्याला खाडीच्या काठावर माझ्या सासूबाईंचा बर्फाचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे फार मोठं काही डोळ्यांपुढे आणू नका. पत्र्याची एक उंच शेड, आत लाद्या गोठवायची टाकी, लाद्यांचा चुरा करणारा क्रशर, आणि क्रशरच्या पोटातून थेट धक्क्याला लागलेल्या होडीत बर्फ ओतणारी पत्र्याची एक पन्हळ. धक्क्याच्या बाजूला एक खिडकी. त्या खिडकीत सासूबाई बसतात आणि नंबर देतात.

हे नंबर देणं बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. मलाही वाटायचं. मी चौलचा, वाडीत वाढलेला. आमच्याकडे कशालाच घाई नसते, सुपारीसुद्धा आपल्या सवडीनं पडते. होडीचं तसं नाही. खाडीच्या तोंडाशी वाळूचा उथळ पट्टा आहे आणि भरतीचं पाणी आहे तोवरच मोठी होडी त्यावरून समुद्रात जाऊ शकते. पाणी उतरलं की पुढच्या भरतीपर्यंत गप्प बसायचं. त्यात पावसाळी बंदी उठली की पहिल्याच दिवशी सगळ्या होड्यांना एकाच भरतीला बर्फ हवा असतो, आणि पन्हळ तर एकच.

अशा वेळी धक्क्यावर डोकी फुटायला पाहिजेत. फुटत नाहीत, कारण सासूबाईंनी एकदा फळ्यावर नंबर लिहिला की तो हलत नाही. सासरे गेल्यापासून त्याच खिडकीत बसतात. त्यांच्या सख्ख्या भावाची, म्हणजे आमच्या मामांची होडी आहे. तीही नंबरात उभी राहते. मामा एकदा लाडात येऊन "आक्का, जरा पुडं घे ना," म्हणाले, तर त्यांना सगळ्यांसमक्ष ऐकावं लागलं, "माहेर घरी. हितं फळा." हे वाक्य धक्क्यावर अजून चालतं. कोणी चहाच्या गाडीवर पुढे घुसला तरी लोक म्हणतात, हितं फळा.

या व्यवस्थेत काहीही बिघडलेलं नव्हतं. म्हणूनच ती सुधारावी असं मला वाटलं.

मी प्रोग्राम लिहितो. नवी मुंबईतल्या एका कंपनीचं काम घरी बसून करतो. बर्फाच्या दमट हवेत फळ्यावरचा खडू ओघळतो, आकडे पुसट होतात, एवढं निमित्त मला पुरलं. कारखान्यात हिशेबासाठी आणलेला एक जुना कॉम्प्युटर होता. खाऱ्या हवेनं त्याची हाडं अशी खाल्लेली की इंटरनेटचं एक पान उघडेपर्यंत टाकीत लादी गोठावी. मग मी ठरवलं, प्रोग्राम टर्मिनलमध्ये करायचा. टर्मिनल म्हणजे ती काळी चौकट, जिच्यात चित्रं नसतात, नुसती अक्षरं असतात. ओळी आणि रकाने, बाकी काही नाही. तिथे जुना कॉम्प्युटरही पळतो.

"मग आकडा दाबून काम होईल की," बायको म्हणाली. "माउस कशाला?"

"आईंना सोपं पडेल."

हे अर्धसत्य होतं. नुसत्या अक्षरांच्या चौकटीत माउसचा बाण नेमका कुठे आहे हे प्रोग्रामला कळतं तरी कसं, याची मला भयंकर उत्सुकता लागली होती. आईंची सोय हा त्या उत्सुकतेला मिळालेला नैतिक आधार होता.

कळतं ते असं. आधी टर्मिनलला विनंती करावी लागते की माउसनं काही केलं तर मला सांगत जा. विनंती मान्य झाली की तो प्रत्येक गोष्ट अक्षरांतच कळवू लागतो: कितवं बटण, कितवा रकाना, कितवी ओळ, आणि शेवटी एक इंग्रजी एम. बटण दाबलं तर मोठा एम, सोडलं तर छोटा. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा इतका आनंद झाला की मी मोठ्या आणि छोट्या एममधला फरक लक्षातच घेतला नाही.

परिणाम असा झाला की सासूबाईंनी होडीच्या नावावर क्लिक केलं की दाबताना टिक यायची आणि सोडताना जायची. त्यांनी धीरानं बरेचदा करून पाहिलं आणि मग मला बोलावलं.

"जावयबापू, तुमचं यंत्र बर्फ देतंय आन लगीच काडून घेतंय."

ते दुरुस्त केलं. मग कळलं की माउसच्या मधलं चाक फिरवलं तर टर्मिनल त्यालाही बटणच समजतो, फक्त नंबर वेगळा, चौसष्ट आणि पासष्ट. इतक्या बटणांचा माउस कोणाकडे असतो असा प्रश्न मला पडायला हवा होता. मी मात्र कुठलंही बटण आलं की टिक, अशी उदार योजना केलेली. सासूबाईंनी यादी खाली सरकवायला चाक फिरवलं, तर बाणाखालची होडी दीपगृहासारखी उघडझाप करू लागली. तेही दुरुस्त केलं. मग एकदा प्रोग्राम मधेच मेला. मरताना टर्मिनलला 'आता पुरे' असं सांगून जायचं असतं, ते मी लिहिलंच नव्हतं. त्यामुळे ऐकणारा गेला तरी टर्मिनल आपलं सांगतच राहिला. माउसला नुसता धक्का लागला तरी पडद्यावर कंस, आकडे आणि एम यांची माळ. सासूबाईंनी मुलीला फोन केला, "तुज्या नवऱ्याचा कॉम्प्युटर बरळतोय. ताप हाय का बघायला सांग."

हे सगळं मे महिन्यात, होड्या ओढून वर घ्यायच्या आधी. नुकसान कोणाचं झालं नाही. माझं हसं झालं, पण जावयाचं हसं ही सासुरवाडीची हक्काची करमणूक असते.

मग माझ्या लक्षात आलं की चौकट लहानमोठी केली तर काय होतं ते आपण पाहिलंच नाही. कोपरा धरून ओढला, तर यादी अर्धी कापली गेली. इथे मला आणखी एक गंमत सापडली. चौकटीचा आकार बदलला की प्रोग्रामला एक इशारा येतो. पण तो दारावरच्या घंटेसारखा. नुसता वाजतो, कोण आलंय ते सांगत नाही. आकार किती झाला ते प्रोग्रामनं उठून विचारायचं असतं. आणि घंटा वाजली तरी उठायची सक्ती नाही. न उठणाऱ्याला कोणी काही म्हणत नाही, तो आपला जुन्याच आकाराच्या घरात राहतोय असं समजून बसून राहतो.

मी माझ्या प्रोग्रामला उठायला शिकवलं. चौकट रुंद असेल तर होड्यांची नावं तीन उभ्या रकान्यांत मांडायची, अरुंद झाली तर दोन. कोपरा आत ओढला की तीनाचे दोन, बाहेर ओढला की दोनाचे तीन. पंगत वाढावी आणि आवळावी तशी नावं आपोआप सरकून बसायची. मी अख्खी दुपार तो कोपरा आतबाहेर करत बसलो होतो. बायको दोनदा जेवायला बोलावून गेली.

बंदी उठली. नारळी पौर्णिमा झाली, दर्याला नारळ दिला, आणि आठवड्यानं सकाळच्या भरतीला होड्या निघायच्या ठरल्या. कॉम्प्युटरचा पडदा खिडकीत, आणि तेच सगळं दाखवणारा एक टीव्ही बाहेर पन्हळीजवळ भिंतीवर. पन्हळीवरचा गडी टीव्हीत वाचून पुढच्या होडीचं नाव पुकारणार. ज्या होडीत बर्फ भरून झाला तिच्या नावावर सासूबाई क्लिक करणार, तिला टिक येणार, आणि पहिली बिनटिकेची होडी आपोआप पुढची. मी इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीच्या जवळपास, पडद्याकडे पाठ आणि माणसांकडे तोंड करून, घुटमळत होतो. हे कोणी केलं, असं कोणी विचारलं तर हाताशी असावं म्हणून. कोणी विचारलं नाही.

पण चाललं होतं छान. एकेक होडी लागत होती, चुरा खळखळत उतरत होता, टिका पडत होत्या. मामांच्या होडीत बर्फ भरून झाला आणि ती धक्का सोडून निघाली. पन्हळीवरच्या गड्यानं टीव्हीकडे पाहिलं आणि पुन्हा मामांच्याच होडीचं नाव पुकारलं.

धक्क्यावर शिट्टी वाजली. "मामाला डबल!" कोणीतरी ओरडलं. गड्यानं जीभ चावली, पुढचं बिनटिकेचं नाव बघितलं आणि ते पुकारलं. ती होडी वळून पन्हळीखाली आली. तेवढ्यात मागून एक आवाज आला, असा की क्रशरसुद्धा बारीक वाटावा.

"मंग मी काय हितं भजन करायला हुबा हाय?"

हा एक म्हातारा तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य, सुकाणूचा धनी. सासऱ्यांचा लहानपणापासूनचा मित्र, सासूबाईंना वयनी म्हणणारा. त्याचा नंबर मामांच्या लगेच मागे होता. टीव्हीवर त्याच्या होडीपुढे स्वच्छ टिक होती: बर्फ दिला. होडीतला बर्फाचा खण मात्र कोरडा ठाक.

"वयनी, भावाला दोनदा आन मला टिक?"

सासूबाईंनी पडद्याकडे पाहिलं. त्यांनी पन्हळ थांबवायला सांगितली. पण मागच्या होड्यांवरची पोरं ओरडू लागली, स्क्रीनवर दिलाय म्हणतंय, मग दिलाय. नंबर हलत नाय ही तुमचीच रीत. तोंडानं नंबर बदलावा तर रीत मोडते, न बदलावा तर अन्याय. शेवटी त्यांनी गड्याला पाठवून खण उघडून दाखवला आणि तांडेलाला पुढे घ्यायला लावलं. तोवर खाडीच्या तोंडाशी पाणी तांबूस दिसायला लागलं होतं. वाळू वर येत होती. बारक्या होड्या निसटल्या. तांडेलाची मोठी, ती जाणं शक्यच नव्हतं.

"आता बर्फ घेऊन काय करू?" तो म्हणाला. "खाडीत बसून सरबत?"

या क्षणी मी काय करावं? मी गप्प बसावं. पण मी पुढे झालो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "आई, तुमचं क्लिक चुकून शेजारच्या नावावर पडलं असेल. प्रोग्राम मी नीट तपासलेला आहे."

तांडेल माझ्याकडे बघून हसला, आणि ते हसणं शिवीपेक्षा वाईट होतं. "व्हय, व्हय," तो म्हणाला. "चुकून. आन चुकून भावाच्याच शेजारी."

होड्या गेल्यावर सासूबाईंनी खिडकीची झडप अर्धी ओढली. चहा आला, त्यांनी घेतला नाही.

"जावयबापू, मी दाबलं ते भावाच्या नावावरच. माज्या डोळ्यानं बघून."

"हो, पण—"

"पण नाय. सांजच्या भरतीच्या आदी मला सांगा, हात माजा चुकला का यंत्र. माजा चुकला आसंल तर उद्यापास्नं खिडकीत दुसरं कोन बसंल. जिला लोक भावाची म्हनतात त्या बाईनं नंबर द्यायचा नसतो."

बाहेर तांडेल आपल्या होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, खिडकीकडे तोंड करून बसला होता. मुद्दाम.

मी कॉम्प्युटरपुढे बसलो. मामांच्या नावावर क्लिक केलं, मामांना टिक आली. तांडेलाच्या नावावर केलं, तांडेलाला. हळू केलं, भराभर केलं, डाव्या हातानं केलं. प्रत्येक वेळी बरोबर. प्रत्येक बरोबर टिकेबरोबर मला खात्री वाटत होती की हात आईंचाच चुकला. प्रोग्राम चुकीचा निघावा अशी प्रार्थना करणारा मी या धंद्यातला पहिलाच असेन.

मग मी काळी चौकट मोकळी केली आणि नुसता माउस काय सांगतो ते छापणारा चार ओळींचा एक तुकडा लिहिला. माउस हलवला की खाली आकडे वाहायचे: रकाना, ओळ, रकाना, ओळ. खरं तर यातून काही शोधायचं होतं. पण ते आकडे मला नेहमीच भुलवतात. बाण एका अक्षराच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत गेला की आकडा टप्पकन बदलतो. हद्दीच्या आत कितीही हलवा, काही नाही. अर्ध्या अक्षरावर बाण असणं टर्मिनलला मान्यच नाही. मी ती हद्द कुठे आहे ते शोधत, माउस केसभर इकडे, केसभर तिकडे करत बसलो.

"सापडलं?" सासूबाईंनी मागून विचारलं.

"शोधतोय," मी म्हणालो आणि घाईघाईनं यादी परत उघडली.

इतक्यात झडपेवर टकटक झाली. तांडेल. उन्हात बसून कंटाळला होता, किंवा राग एकट्यानं धरून ठेवायला जड झाला होता.

"बगू तरी दे, वयनी. माजी टिक कशी दिसते ती. मगाशी सुदा नंबर तू दाखवला तवाच दिसला."

सासूबाईंचा हात आपसूक पुढे आला आणि कळफलकावरच्या दोन कळा त्यांनी टकटक दाबल्या, खाली न बघता, पोळी उलटावी इतक्या सवयीनं. पडद्यावरची अक्षरं फुगली. आणखी एकदा, आणखी फुगली.

मी उडालोच. "हे काय केलंत?"

"अक्षरं मोटी केली. त्याला बारीक दिसत नाय. चष्मा करत नाय तो, दर्यात पडतो म्हनतो."

"पण हे माझ्या प्रोग्रामात नाहीच!"

"म्हाईत हाय. पैल्या दिवशी कळा पुसताना सापडलं मला. तुमच्या ह्या सगळ्यात तेवडंच एक बरं हाय."

त्यांनी दाबलेल्या कळा माझ्या प्रोग्रामपर्यंत पोचतच नव्हत्या. कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह. टर्मिनल त्या मधल्या मधे गिळतो आणि अक्षरं मोठी करतो. अक्षरं मोठी झाली की त्याच चौकटीत कमी मावतात. म्हणजे कोपऱ्याला कोणी हात न लावता चौकट लहान झाली. घंटा वाजली. माझा प्रोग्राम उठला आणि त्यानं शहाण्यासारखी तीनाची दोन रकान्यांत मांडणी केली.

मी पडद्याकडे टक लावून बघत होतो. मामांचं नाव मगाशी पहिल्या ओळीत शेवटी होतं. आता ते दुसऱ्या ओळीत पहिलं. आणि दुसऱ्या ओळीत पहिलं मगाशी कोण होतं?

"आई, मामांच्या होडीची टिक पडायची होती तेव्हा तांडेल इथे उभे होते?"

"व्हता की. माजा नंबर दिसत नाय, म्हनून भुणभुण करत. मी मोटं करून दावलं, तेवड्यात भावाची होडी भरली म्हनून तिकडं दाबलं, आन हा गेल्यावर बारीक केलं."

"तांडेल," मी म्हणालो, "आत या. जरा दाबून बघा."

"मी? यंत्राला हात लावू? मोडलं तर?"

"मोडलेलंच आहे."

तो आत आला. त्याचा पंजा माउसवर बसला तेव्हा माउस दिसेनासा झाला. मी सगळ्या टिका काढल्या आणि मोठ्या अक्षरांतच त्याला मामांच्या नावावर बाण न्यायला लावला. त्यानं जीभ दातांत धरून बाण नेला, सासूबाईंना दाखवून खात्री केली, आणि दाबलं.

टिक त्याच्या स्वतःच्या होडीवर पडली.

"आयला!" तो म्हणाला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. "वयनी, बग! त्याला दाबतो तर मला लागतंय!" मग त्याला तिसऱ्याच होडीवर दाबून बघावंसं वाटलं, मग शेवटच्या. कोणाला दाबलं तर कोणाला लागतं याचा त्याला नादच लागला. चेहऱ्यावरचा राग कुठे गेला ते त्यालाही कळलं नाही. खिडकीतून डोकं काढून त्यानं धक्क्यावरच्या माणसांना हाका मारल्या, "या रं, गंमत बगा! जावयाच्या यंत्राची!"

माणसं आली. मला सगळ्यांसमोर समजावून सांगावं लागलं. सकाळी जितक्या मोठ्यानं बोललो होतो तितक्याच मोठ्यानं बोला, अशी सासूबाईंची अट होती. मी म्हणालो, समजा पंगत आहे. तीन रांगा बसल्यात. वाढप्यानं कोण कुठे बसलंय ते पाठ केलं. मग माणसांना उठवून दोन रांगांत बसवलं. मांडणी बदलली, पण वाढप्याच्या डोक्यात जुनीच. तो वाढतोय मामांच्या पानाशी आणि नाव घेतोय तांडेलाचं.

"आन हा वाडपी कोन?" मागून कोणीतरी विचारलं.

"मी."

खरा प्रकार तोच होता. घंटा वाजल्यावर नवी मांडणी काढणारं अर्धं मी लिहिलं होतं, कारण ते दिसायला सुंदर होतं. क्लिक आल्यावर ते कोणाच्या नावावर पडलं हे ठरवणारं अर्धं मात्र प्रोग्राम सुरू होताना पाठ केलेल्या मांडणीवरच चालत होतं. उभी दुपार मी कोपरा ओढत बसलो, आणि ओढल्यानंतर एकदाही क्लिक करून बघितलं नाही.

तांडेल सासूबाईंकडे न बघता, माउसकडे बघत म्हणाला, "म्हंजी तू माज्यासाटी मोटं केलं, म्हनून माजाच नंबर गेला."

"चष्मा कर," सासूबाई म्हणाल्या.

तेवढीच त्यांची देवाणघेवाण. पण चहा पुन्हा मागवला गेला, आणि या वेळी त्यांनी घेतला.

दुरुस्ती लहान होती. क्लिक आलं की आत्ताची मांडणी कुठली ते आधी बघायचं, पाठ केलेलं विसरायचं. शिवाय तांडेलाचा हात दाबताना सरकतो हे दिसलं होतं, म्हणून आणखी एक ओळ घातली: ज्या नावावर दाबलं त्याच नावावर सोडलं, तरच टिक. आणि ज्या होडीला टिक पडेल तिचं नाव वर मोठ्या ओळीत झळकेल अशीही सोय केली. या वेळी मी अक्षरं मोठी करून, बारीक करून, कोपरा ओढून, प्रत्येक वेळी क्लिक केलं. तोवर खाडीत पाणी चढायला लागलं होतं. तांडेलानं होडी पन्हळीखाली घेतली, क्रशर सुरू झाला, खण भरला. पन्हळ बंद करून तो थेट खिडकीशी आला.

"टिक मी दाबनार," तो म्हणाला.

सासूबाईंनी माउस खिडकीच्या चौकटीवर सरकवून दिला. त्यानं आपल्या नावावर बाण नेला, बटण दाबलं आणि दाबूनच ठेवलं.

"आली का?"

"सोड. सोडल्यावर येती."

"सोडतो. पन आदी बगतो."

सासूबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी ओळखायला हवं होतं, कारण त्यांच्या मुलीच्याही डोळ्यांत कधीकधी येतं. त्यांनी हात पुढे केला आणि टकटक त्या दोन कळा दाबल्या. तांडेलाचं बोट बटणावर, आणि अक्षरं फुगली, तीनाचे दोन रकाने झाले, नावं सगळी सरकली.

दाबलं एका मांडणीत आणि सोडणार दुसऱ्या मांडणीत. हे मी तपासलंच नव्हतं. असं कोणी करेल हे मला सुचलंच नव्हतं.

तांडेलानं बोट उचललं.

काहीच झालं नाही. कोणालाच टिक पडली नाही. बाणाखाली आता दुसऱ्याच होडीचं नाव होतं, आणि दाबलेलं नाव ते नव्हतं म्हणून प्रोग्राम गप्प बसला. त्याच्या सरकत्या हातासाठी घातलेली ओळ भलत्याच ठिकाणी कामाला आली होती. मी अर्थातच असा चेहरा केला की हे सगळं विचारपूर्वक केलेलं आहे.

"चुकीचं देत नाय," सासूबाई म्हणाल्या. "देत नाय ते चालंल. चुकीचं नको."

तांडेलानं मोठ्या अक्षरांत आपलं नाव पुन्हा शोधलं, बाण नेला, दाबलं, सोडलं. वर मोठ्या ओळीत त्याच्या होडीचं नाव आलं आणि खाली टिक. त्यानं ती बाहेरच्या टीव्हीवरही जाऊन बघितली. मग होडी सुटली आणि भरल्या पाण्यात वाळूच्या पट्ट्यावरून अलगद पार झाली.

सासूबाईंनी अक्षरं बारीक केली नाहीत. मीच करायला गेलो तर माझ्या हातावर चापट बसली.

"ऱ्हाऊ द्या. उद्या खिडकीत मीच बसनार हाय ना, करीन मी."

मग त्यांनी झडप पूर्ण वर केली आणि उद्याचे नंबर घालायला बसल्या.